कोकराचा वाटा

देवाने मला आवाज दोन माणसांचा दिला आणि अक्कल अर्ध्या माणसाची. आमचा पाडा सूर्यमाळच्या वरच्या अंगाला. मी अंगणात खाकरलो की खाली पोशेऱ्यात कोंबड्या अंडी घालायच्या थांबतात, असं माझी बायको सांगायची. ती कधी खोटं बोलत नाही. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बायको तापाने अंथरुणाला खिळली होती. भगत झाला, दवाखाना झाला, शेवटी जव्हारकडून प्रार्थनावाले आले. ती उठली. पुढे आम्ही दोघं विश्वासात आलो, म्हणजे येशूला मानायला लागलो. पाड्याने पहिल्यांदा फार मनावर घेतलं नाही. घरात एक देव वाढला, एवढंच त्यांना वाटलं. खरी आग लागली ती उन्हाळ्यात, बोकडाच्या पाळीवरून.

पेरणीआधी गावदेवाला बोकड द्यायचा आणि दरवर्षी तो एका घराने द्यायचा, ही आमच्याकडची रीत. बोकड कापला की पानांवर घरागणिक वाटे लागतात. भांडलेल्या घराचा वाटा लागतो, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचाही लागतो. एक वाटा चुकला तरी पूजा फुकट गेली म्हणतात. त्या वर्षी पाळी आमची होती.

कारभाऱ्याच्या अंगणात पाडा जमला. हा कारभारी पाड्याचा मुख्य, नात्याने माझा चुलत आजा लागायचा. मी उभा राहिलो आणि प्रवचनच सुरू केलं. मेंढरू मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही त्र्यंबकच्या रस्त्यावर, चालत्या गाडीतून. पण बोलताना असा बोललो, जणू माझ्या घरात शंभर मेंढरं बांधलेली.

"आमच्याकडून बोकड नाही. आमचं कोकरू एकदाच कापलं गेलंय, सगळ्या जगासाठी. आता परत रक्त नको."

म्हाताऱ्याने चेष्टा केली नाही. गंभीरपणे विचारलं, "कव्हा कापलं?"

"लई वर्षं झाली, आज्या."

"सगळ्यांच्या नावानं?"

"सगळ्यांच्या."

"मंग आमचा वाटा कठं हाय?"

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "वसईला रेती काढायच्या कामावर गेलता ना, थितंच एकट्याने खाल्लं असंल." हशा पिकला. म्हातारा मात्र हसला नाही. त्याच्या हिशेबी प्रश्न सरळ होता. सगळ्यांच्या नावाने जनावर कापलं, तर सगळ्यांच्या घरी वाटा जायला पाहिजे. कुणी तो दाबून बसला असेल, तर तो चोर.

इतका चांगला प्रश्न मला पुढे एकाही पास्टरने विचारला नाही. उत्तर सोपं होतं. तुमचा वाटा आहे आज्या, तोच घेऊन आलोय, एवढं म्हणायचं होतं. पण हशा माझ्या मस्तकात गेला होता. मी म्हणालो, "तुमच्यासारख्या सैतानाच्या पोरांना कसला वाटा?"

म्हातारा उठला. "सगळ्यांच्या नावानं कापायचं आन् एकट्यानं खायचं. चोराला आमची विहीर नाय."

बोकड शेजारच्या घराने पाळी नसताना दिला आणि त्याचा राग वेगळाच. पूजेच्या दिवशी आमच्या घराचा वाटा लागला नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

मे महिन्यात आमच्या विहिरीला पाणी म्हणजे तळाला वीतभर. तेही बंद झालं. दुसरं पाणी खाली दरीत, झऱ्याच्या खड्ड्यात. उतरायला तास, चढायला दीड. मी धडधाकट असताना ते बायको वाहायची, कारण पाणी बाईने वाहायचं ही पण आमची रीत.

मी काय केलं? जव्हारला पास्टरकडे गेलो. म्हटलं, अर्ज लिहा, पोलीस आणू, एकेकाला आत टाकू. पास्टर म्हणाले, "आपलं कोकरू सुरीखाली गप्प राहिलं. आपणही त्याच्या मागे तसंच चालायचं."

मी म्हणालो, "पास्टर, तुमच्या घरी नळ आहे."

घरी आलो तर बायकोचा गुडघा फुटलेला. चढणीवर घसरली होती. हंडा चेपला होता आणि पाणी डोंगराने पिऊन टाकलं होतं. ती हळद दाबत होती.

"तुझ्या तोंडाचं पाणी मी वाहते," ती म्हणाली. "त्यांनी वाटा मागितला, तू शिव्या दिल्यास. आता दे."

"काय देऊ?"

"पाणी दे. दुसरं काय हाय आपल्याकडं?"

दुसऱ्या दिवशी चुंबळ डोक्यावर ठेवून मी दरीत उतरलो. बाप्या हंडा घेऊन चढतोय म्हटल्यावर पाड्याला फुकटचा तमाशा मिळाला. पोरं मागे "बें बें" करत चालली. मी हंडा कारभाऱ्याच्या दारात ठेवला. त्याची म्हातारी बाहेर आली आणि तिने तो माझ्या पायाशीच पालथा केला. त्या क्षणी माझ्या तोंडात इतक्या शिव्या जमल्या, की त्यांवर मोखाड्याचा बाजार महिनाभर चालला असता.

मी गप्प राहिलो. प्रेमाने राहिलो असं कुणी समजू नये. बायको कुडाआडून बघत होती. शिवाय माझा विचार होता की, रोज पाणी टाकून यांना लाजेने मारायचं. लाजेने कुणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारीने हंडा बैलापुढे ओतला. तिसऱ्या दिवशी म्हातारा माझ्या वाटेत थुंकला. हंड्याच्या वजनाने माझी मान मात्र छातीत गेली, उंची तेव्हापासून दोन बोटं कमीच आहे.

चढताना तोंड बंद आणि डोकं चालू. मला वाटायचं, कोकरू गप्प राहिलं कारण ते गरीब जनावर. मी बोकडाच्या जातीचा, मला ते जमायचं नाही. पण येशूही क्रूसाचं लाकूड घेऊन चढणच चढला होता, आणि खाली बघे हसतच होते. त्याच्याकडे शब्द नसतील असं थोडंच आहे? माझ्यापेक्षा धारदार असतील. ते त्याने गिळले. गिळलेला शब्द पोटात राहत नाही, गुडघ्यांत उतरतो, हे मला त्या चढणीने शिकवलं. एका जागी मी बसलो आणि रडलो, अर्थात रागानेच.

नवव्या दिवशी म्हातारीने हंड्यात डोकावून पाहिलं. "ह्यात किडे हायत. बैल बी तोंड लावत नाय. आणायचंच तर विहिरीवरनं आण."

कारभारी ओट्यावर बसला होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही, आणि नाही असंही म्हणाला नाही. माझ्या जिभेवर तिखट उत्तर तयार होतं. ते तसंच घेऊन घरी गेलो.

म्हातारीचं बोलणं बायकोला सांगितलं, तशी ती आपला दोर घेऊन विहिरीवर गेली. बाया बाजूला सरकल्या. कुणी तिच्याशी बोललं नाही. पहिला हंडा मी म्हातारीच्या दारात ठेवला. तिने तो आत नेला आणि रिकामा करून बाहेर फेकला, जरा जोरातच.