कुंभारणीची भिंत

आमचं शेत कोंडाणे लेण्यांच्या डोंगराखाली. भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. पुढे ते नुसत्या दवावर वाढायचे. माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या साली वाल असे माजले की बांध दिसेनात. पण पौषात शेंगा धरल्या आणि अळी पडली. हिरवी, लुसलुशीत, अर्धी शेंगेत आणि अर्धी बाहेर. शेंग सोलावी तर दाण्याच्या जागी ओला भुसा.

सासूबाई आणि मी रोज सकाळी सुपात अळ्या वेचायचो. राख उधळून पाहिली, तीही दवाने भिजून खाली गळाली. घरधनी बोरघाटात रुळांच्या कामावर, तेव्हा शेत आम्हा दोघींचंच. शेजारच्यांनी तर कंटाळून आपल्या वालात गुरं सोडली.

त्यातच नणंदेची सोयरीक खालापुराकडे जुळत आली. माघात मुलाकडची माणसं घर बघायला येणार होती.

"दर्शनी भिंत लिंपून घे गं," सासूबाई म्हणाल्या. "काय ती गाठीगाठींची दिसते."

भिंत कारवीच्या काड्यांची, वरून शेणमातीचा लेप. वळचणीखाली कुंभारीण माशीने मातीची इवली इवली मडकी थापली होती. ही पिवळीकाळी, सुईसारख्या कमरेची माशी दरवर्षी यायची आणि दरवर्षी आम्ही तिची घरं खरवडून टाकायचो. मी विळ्याचं टोक घातलं. एक मडकं फुटलं आणि त्यातून माझ्या हातावर हिरव्या अळ्या पडल्या.

वालातल्याच. मी त्यांना ओळखणार नाही तर कोण? त्या मेलेल्या नव्हत्या. काडी लावली की जेमतेम वळवळत. त्यांच्यात माशीचं एक पांढरं पिल्लू होतं. त्याने एका अळीला तोंड लावलेलं होतं.

विळा तिथेच टाकून मी शेतात पळाले. उन्हं चढली होती. वालात बसून राहिले, आणि आली की ती! वेलावर उतरली, पानं चाचपत चालली, शेंगेतून अळी ओढून काढली, डंख मारला आणि पोटाशी धरून सरळ आमच्या घराच्या दिशेने उडाली. मी एकटीच होते, तरी मोठ्याने ओरडले, "घे गं बाय, घे! सगळ्या घे!"

घरी येऊन सासूबाईंपुढे तळहात धरला. त्यांनी अळ्या पाहिल्या, फुटलेलं मडकं पाहिलं.

"म्हंजे ही आपलंच काम करते?"

"आपल्यापेक्षा बरं करते. सासूबाई, भिंत नाय लिंपायची."

"खुळी का काय? सोयरे येणार हायेत! भिंतीवर मातीची गळवं बघून काय म्हणतील?"

"मी सांगेन त्यांना."

"तू सांगशील! तीन वर्सांची सून सोयऱ्यांपुढं तोंड उघडणार?"

दोन दिवस आमची बोलचाल बंद. शेवटी नणंदच मध्ये पडली. "आये, सोयरीक माझी हाय ना? मंग राहू दे भिंत. वाल गेले तर त्यांना जेवायला काय वाढशील?"

मी खालची भिंत लिंपली आणि वळचणीखालचा पट्टा तसाच सोडला. एवढ्यावर थांबले नाही. रानात ओल उरली नव्हती आणि कुंभारणीला चिखल हवा असतो, हे मला न्हाणीच्या पन्हळीपाशी तिला बघून कळलं होतं. म्हणून शेताच्या कडेला एक खड्डा केला आणि विहिरीवरून येताना त्यात रोज घागरभर पाणी ओतू लागले. बायका हसायच्या. "माश्यांची पाणपोई घातलीस का गं?" मी म्हणायची, "व्हय, घातली!"

माश्या आल्या. आमच्या भिंतीवर, गोठ्याच्या खांबांवर, शेतातल्या खोपीवर मडक्याला मडकं लागलं. सकाळचं सूप हलकं होत गेलं, आणि एक दिवस रिकामंच घरी आलं.

माघात सोयरे आले. मुलाची आत्या मोठी करारी बाई. अंगणातच थबकून तिने वर पाहिलं. "भिंतीला माती कमी पडली काय?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे झाल्या. "माती कमी नाय पडली, विहीणबाई. ती आमची राखणदारीण हाय. चला, दावते."

सगळं लटांबर शेतात नेलं. आत्याबाईने स्वतः निवडून शेंगा तोडल्या, सोलल्या. दाणे टपोरे, हिरवेगार. एका शेंगेला मात्र भोक निघालं. तिने ती सासूबाईंपुढे धरली.

"येखादी राहायचीच," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या पोरांनी काय खायचं?"

आत्याबाई इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. त्या दुपारी ओल्या वालाच्या भाजीची पंगत उठली आणि सुपारी फुटली. निघताना ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तो चिखलाचा खड्डा कवढा खोल ठेवायचा गं?"

फाल्गुनात वाल खळ्यावर आले. मी तिवईवर उभी राहून सूप उंच धरलं. घाटावरून वारा सुटला होता. फोलपट उडून जात होतं आणि दाणा सरसर खाली पडत होता. खाली सासूबाई झाडू घेऊन रास गोळा करत होत्या, पण ती त्यांना आवरेना. इकडून ढकलली की तिकडून घसरे. हसून हसून पदर खांद्यावरून ढळला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"दमलीस का गं?" त्यांनी खालून विचारलं.

"नाय!" मी ओरडले. "द्या अजून, वर द्या!"