लाल ठोकळ्यांची परीक्षा

पोरांच्या बुद्धीच्या टेस्ट घेता घेता माझ्याकडे आईबापांचेच किस्से इतके साचलेत, की फाइली कपाटात मावत नाहीत अन् किस्से पोटात! हुडकेश्वरला माझं सेंटर आहे. आयव्हीएफनं झालेली बरीच पोरं येतात. पोरगं ठणठणीत असतं, पण घरच्यांच्या जिवाला चैन नसतं. "मॅडम, डोकं बरोबर चालेल न त्याचं?" बहुतेकांचं इतर पोरांसारखंच चालतं, हे मी दिवसातून दहादा सांगते. सांगते खरी! माझी जुईसुद्धा आयव्हीएफचीच. ती एखादा शब्द विसरली की माझं जेवण तिथंच थांबतं.

*

उमरेडची एक आजी मुलाला अन् नातवाला घेऊन आली. नातू टेस्टचे लाल ठोकळे चित्रात दाखवल्यासारखे लावत होता, ती अर्धा तास बघत बसली. मग म्हणाली, "काहून वं बाई, याची बुद्धी कायले तपासून राहिली?"

"आजी, हा ट्रीटमेंटनं झाला न, म्हणून याच्या बाबाला धाकधूक वाटते."

आजीनं बाबाकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "हा तं घरच्या घरीच झाला होता. याचीच पाह्य एकडाव तपासून!"

*

कोराडीच्या वीज केंद्रातले एक इंजिनिअर. ड्यूटीवर दर तासाला रीडिंग घ्यायची सवय. लेक बोलायला लागली, तसा तिचा प्रत्येक नवा शब्द वेळेसकट रजिस्टरमध्ये! मी तिला चित्र दाखवून विचारलं, "हे काय आहे गं?"

"हत्ती." अन् लगेच मागं वळून, "पप्पा, लिहा!"

*

कहर केला तो जुळ्यांनी. दिसायला सेम टू सेम. पहिला आला, धडाधड सगळं लावून गेला. दहा मिनिटांनी दुसरा आला, निळ्या शर्टात. मी ठोकळे मांडले, तर पोरगा वैतागला.

"मॅडम, किती वेळा लावू? आत्ताच तर लावले न मी!"

आईबापांनी हुशार पोरालाच शर्ट बदलून परत पाठवलं होतं! बाहेर आई रडवेली. "दुसरा थोडा हळू आहे हो. त्याच्या फाइलीत काही वाईट नका लिहू न."

मला हसू येत होतं, ते तिथंच विरलं. दुसऱ्याला आत घेतलं. त्यानं हळूहळू लावले, पण सगळे लावले.

*

त्याच संध्याकाळी घरी मी जुईसमोर ठोकळे मांडले. पहिलीत आहे ती. त्या आठवड्यातली तिसरी वेळ. माझ्या हातात वही, डोळे घड्याळाकडे. तिनं मुकाट्यानं लावले अन् म्हणाली, "आता तू लाव. मी टाइम बघते."

हजारदा लावलेत मी ते. पण पोरगी टक लावून माझ्या हातांकडे बघत बसली, अन् मी घाई करायला लागले. दोन ठोकळे खाली पडले.

"घाई नको करू, आई. यात कोणी नापास होत नाही." ठोकळे मांडताना मी दर पोराला म्हणते ते माझंच वाक्य, माझ्याच आवाजात!

मग तिनं माझी वही ओढली, जीभ बाहेर काढून सावकाश काहीतरी लिहिलं अन् वही माझ्याकडे सरकवली.

"आई घाबरते. बाकी नॉर्मल."