कपाटाचा कोड

"बँकेचा पिन तुला माहीत, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचा पासवर्ड तुला माहीत, आणि माझ्याच घरातल्या एका कपाटाचा कोड मला सांगायला तुला जड जातंय?"

"जड नाही जात, मनाई आहे," सुलेखा भेंडी चिरता चिरता म्हणाली. "परवाना माझ्या नावावर आहे. दुसऱ्या कुणाला कोड माहीत असला तर परवाना जातो, आणि त्याच्याबरोबर रिव्हॉल्व्हरही."

"मी दुसरा कुणी?" दिनकरचा आवाज चढला.

"या कपाटापुरते, हो."

"गेनाऊ!" म्हणजे "अगदी बरोबर", असं सोफ्यावरून लेक ईप्सिता ओरडली. पुढचं सगळं भरभर जर्मनमध्ये होतं, पण ती आईच्या बाजूने आहे एवढं दिनकरला कळलं.

सुलेखाच्या हातात रिव्हॉल्व्हर येईल असं नाशिकच्या तिच्या माहेरी कुणी स्वप्नातही पाहिलं नसतं. जर्मनीत कोलोनजवळच्या या गावात ती दिनकरच्या नोकरीपायी आली आणि बालवाडीच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. शेजारच्या हेल्गाबाईंनी एकदा "केक खायला चल" म्हणून गावच्या नेमबाजी क्लबात नेलं. केक सुमार होता. एअरगन मात्र तिने पहिल्याच दिवशी अशी धरली, की मिशीवाले दोन आजोबा कॉफी टाकून बघायला आले. मग दर शनिवारी क्लब. क्लबातल्या पोलादी रिव्हॉल्व्हरने मनगट भरून यायचं, म्हणून परीक्षा देऊन, परवाना काढून तिने स्वतःचं हलकं रिव्हॉल्व्हर घेतलं. हलकं म्हणजे उसळणारही जास्त. "सडपातळ माणसाचंही तसंच असतं," असं ती हेल्गाबाईंना म्हणाली होती, तेव्हा सडपातळ दिनकर तिथे नव्हता हे बरं.

त्यात पिस्तुलाच्या गोळ्या चालत, क्लबात सगळे वापरतात त्याच. पण त्या गोळ्यांना रिव्हॉल्व्हरमध्ये अडकून बसायला बुडाशी कड नसते, म्हणून आधी त्या एका पातळ पोलादी चकतीत खोचायच्या आणि चकतीसकट आत बसवायच्या. या रिकाम्या चकत्या फुलांसारख्या दिसत. सुलेखा त्या धुऊन चहाच्या गाळणीत वाळत घालायची. दिनकरने एकदा चहात पोलादी फूल पाहिलं आणि आठवडाभर चहा स्वतः केला.

येत्या रविवारी क्लबाचा वार्षिक सामना होता. बायकांच्या गटात सुलेखाचं नाव पुढे होतं.

भेंडी कढईत पडली आणि बेल वाजली. दारात परवान्याच्या कार्यालयातले श्री. ब्रूकमान, न कळवता तपासणीला. दिनकरने राग गिळला आणि पाहुणा आला म्हणून चहा टाकला, बाकरवडी काढली. ब्रूकमाननी तीन खाल्ल्या, चौथी हातात घेतली. मग बेडरूममधलं कपाट बघून सहज विचारलं, "कोड कुणाकुणाला माहीत आहे?"

"फक्त मला," सुलेखा म्हणाली.

पण आपल्या घरात काही कमी आहे असं परक्याला वाटू देणं दिनकरला जमत नसे. तो हसून मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "ती लाजतेय. आमच्यात नवरा-बायको काही लपवत नाहीत. मलाही माहीत आहे."

ब्रूकमानची बाकरवडी तोंडाशी थांबली. "असं? मग उघडून दाखवा."

सुलेखाने पुढचं ताडलं. दिनकरला दुसरं काय सुचणार, तो लग्नाची तारीख दाबणार. आणि कोड लग्नाचीच तारीख होती. इतक्या वर्षांत त्याच्या लक्षात ती एकदाही राहिली नव्हती, म्हणून तर तिने निर्धास्तपणे ठेवली होती. रविवारचा सामना, परवाना, सगळं त्या बोटाच्या टोकावर आलं.

ईप्सिता दाराशी येऊन बघत असताना दिनकरने ऐटीत एकेक आकडा दाबला. लाल दिवा. पीं पीं.

"पुरे, पुरे." ब्रूकमान मोठ्याने हसले. "साहेबांना काहीच माहीत नाही. उत्तम!" जाताना दाराशी ते सुलेखाला म्हणाले, "रविवारसाठी शुभेच्छा." उरलेल्या बाकरवड्या तिने त्यांना बांधून दिल्या.

दार लागलं. ईप्सिता बापाकडे बघत, तिला जमेल तेवढ्या मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही वीस दाबलं. लग्न एकवीस."

"वीसला हळद होती," दिनकर पुटपुटला. "हळद आठवते मला. तिच्या नाकालाही लागली होती."

सुलेखा हसत सुटली. पदर नव्हता म्हणून टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले, मग बेडरूममध्ये जाऊन दार लावलं. आतून बराच वेळ पीं पीं ऐकू येत राहिलं. दिनकर कान देऊन उभा होता.

ती बाहेर आली, कढईखालचा गॅस बंद केला.

"कोड बदललाय," ती म्हणाली. "रिव्हॉल्व्हर घरातच राहणार. रविवारी मी सामन्याला जाणार, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक तुम्ही करायचा."