वायरलेस कशाले पायजे?

हा प्रश्न आमच्या छोट्या शेठनं मला इतक्यांदा विचारला की मला त्याचा वीट आला होता. गाडी लावून चावी द्यायला ऑफिसात गेलो की मोबाईलमधून डोकं वर न काढता तो म्हणायचा, "काका, ते वायरलेस काढून टाका ना आता. सगळ्यांजवळ मोबाईल हाये. गाडीत जीपीएस हाये, कॅमेरा हाये. वायरलेस कशाले पायजे?" मी म्हणायचो, "काढतो ना शेठ, पुढच्या खेपेले." आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

पोरगा वाईट नाही. मोठ्या शेठसारखा शिव्या देत नाही, पगार अडवत नाही. पण त्याला उत्तर काय देणार? ट्रक चालवता चालवता माझी कंबर गेली, आता गुडघे चालले, आणि भांडायची ताकद तर केव्हाचीच गेली. मी आपलं हो ला हो म्हणायचो.

मी अमरावतीचा. माझा जोडीदार मोर्शीकडच्या एका खेड्यातला. जोडीदार म्हणजे काय, तर आमच्यात जोडीनं चालायची पद्धत होती. एका ठिकाणचा माल दोन गाड्यांत भरला की दोघांनी सोबत निघायचं, सोबत थांबायचं. मागच्यानं पुढच्याच्या टायरवर आणि ताडपत्रीवर नजर ठेवायची. पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असायचा, तेवढंच बोलायला माणूस. मालकांनी क्लीनर ठेवणं बंद केलं तेव्हा रस्त्याचं काम संपवून चाललेल्या एका ठेकेदाराकडून आम्ही दोघांनी हे जुने वायरलेस घेतले. डबा डॅशबोर्डला बांधलेला, छोटा माईक कॉलरला. गाड्या जवळ असल्या की आवाज साफ, लांब गेल्या की नुसती खरखर. म्हणून लांब जायचंच नाही.

त्याच्यावर आम्ही काय बोलायचो म्हणाल, तर खरं सांगतो, काहीच नाही. सकाळी गाडी चालू केली की तो मला म्हणायचा, "जयभीम." मी त्याला म्हणायचो, "जय गुरू." तो मोझरीच्या आश्रमात जाणारा माणूस, मी जयभीमवाला, आणि दुसऱ्याचं आपण आधी म्हणून टाकायचं ही आमची जुनी थट्टा. मग त्याची गाय, माझ्या घरची तिखट भाजी, कोणत्या धाब्यावरचा चहा पातळ झाला, असलंच काहीतरी. मधेच अर्धा अर्धा तास कोणी तोंड उघडायचं नाही. मग तो विचारायचा, "हायस का बे?" मी म्हणायचो, "कुठी जाऊ?" बस, एवढ्यावर अकोला यायचं.

पण वायरलेस काढत नव्हतो त्याचं कारण वेगळंच होतं. जोडीदाराला शुगर निघाली होती. डॉक्टरनं गोळी दिली आणि सांगितलं, गोळी घेतली की जेवायचं, उशीर करायचा नाही, नाहीतर साखर एकदम उतरते. आता आम्हा जुन्या ड्रायव्हरांची रीत अशी की माल खाली झाल्याशिवाय जेवायचं नाही. पोटात भाकर पडली की डोळ्यांवर झापड येते, हे आम्हाला उस्तादानं मारून मारून शिकवलेलं. तर हा गडी गोळी घ्यायचा टाइमावर, आणि जेवायचा मात्र मंडईत गाडी खाली झाल्यावर. मी माईकवरून बोंबलायचो, "बिस्कुट खा रे लेका." तो म्हणायचा, "खाऊन राहिलो ना." खात काही नव्हता. पण त्याचा आवाज माझ्या कानात असायचा. जीभ जराशी जड झाली की मला कळायचं आणि मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावायचो. मोबाईलवर हे कसं करणार? चालत्या गाडीत फोन कानाला लावला की कॅमेरा बोंब मारतो आणि शेठकडे फोटो जातो.

आणि शेठला सांगावं, तर त्यानं याला त्याच दिवशी स्टिअरिंगवरून उतरवलं असतं. स्टिअरिंगशिवाय याला दुसरं काही येत नव्हतं. शेती भावाकडे, पोरी आपापल्या घरी. मला म्हणायचा, "मले घरी बसवलं ना, तं मी सहा महिन्यांत मरतो." गाडीवर राहिला तर गाडीवर मरेल आणि उतरवला तर घरी. या दोन्हींच्या मधे ते दोन खरखरणारे डबे होते. सांगा आता, शेठला काय उत्तर देणार होतो मी?

उन्हाळा लागायच्या सुमाराला मृग बहाराची संत्री भरून आम्ही मोर्शीहून निघालो. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावू देईना. तो पुढे, मी मागे. बडनेरा सोडलं तोवर ठीक होतं. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा माईकवर त्याचा आवाज आला, "बडनेरा आलं नाई का अजून?"

मी म्हटलं, "बडनेरा कधीचं गेलं. काय खाल्लं तू सकाळपासून?"

तो म्हणाला, "गाय सोडली कोनं?"

पुढे त्याची गाडी पांढऱ्या पट्ट्यावरून एकदा इकडे, एकदा तिकडे व्हायला लागली होती. बाजूनं शाळेची पोरं भरलेली एक काळीपिवळी जीप गेली. ओरडलो असतो तर बिचकून त्यानं स्टिअरिंगच फिरवलं असतं. मी रोजच्याच आवाजात म्हटलं, "ऐक ना गड्या. चहा पिऊ आपण. ॲक्सिलेटरवरून पाय काढ." गाडी मंदावली. "आता ब्रेकवर ठेव, हळूच. डावीकडे घे. अजून. अजून थोडी." त्याला कळत होतं की नाही देव जाणे, पण हात माझ्या आवाजाचं ऐकत होते. गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी मुरमात अशी थांबली. मी मागे माझी उभी केली, इंडिकेटर लावले आणि या गुडघ्यांनी जमेल तसा पळालो.

घामानं थबथबला होता, हात गार पडले होते. त्याच्या गाडीत शोधलं तर बिस्किटाचा पुडा नाही, साखर नाही, काही नाही. आणि मागे गाडीभर संत्री. चालू खेपेत मालाची दोरी सोडायची नाही, हा आमचा धर्म. दोरी सुटली म्हणजे ड्रायव्हर चोर. मी दोरी सोडली, कॅरेटमधून चार-पाच संत्री काढली आणि तिथेच उभ्यानं सोलली. तर हा बाबा तोंड मिटून बसला. डोळे फिरलेले, पण म्हणतो काय, "मालाले हात नको लावू."

"थोबाड उघड," मी म्हटलं, आणि त्याच्या जबड्यात बोट घालून फोडी पिळल्या. अर्धा रस त्याच्या बनियनवर, अर्धा माझ्या कोपरावर. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. एवढ्या वर्षांचा माणूस, आणि भाकरीचा एक तुकडा याला खाता येत नाही.

हळूहळू त्याच्या डोळ्यांत ओळख आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सालींकडे पाहिलं, सुटलेल्या दोरीकडे पाहिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. शेठ.

"काका, दोन्ही गाड्या काऊन उभ्या हायेत? बऱ्याच वेळचा पाहून राहिलो मी."

जोडीदारानं माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. "टायर म्हन," तो हळूच म्हणाला. "टायर गेलं म्हन ना."

एवढा एक शब्द बोलायचा होता. याआधी त्याच्यासाठी किती खोटं बोललो, त्याची गणती नाही. पण माझ्या डोळ्यांपुढून ती काळीपिवळी हटेना, मागच्या सीटवरची दोन पोरं उलट्या तोंडी बसली होती. मी थकलो होतो हो. रोज कान लावून एका माणसाचा जीव मोजायचा, याचा मला थकवा आला होता. मी शेठला सगळं सांगून टाकलं. शुगरचं, गोळीचं, दोरी सोडल्याचं, आणि वायरलेस कशाला ठेवलं होतं तेही.

शेठ म्हणाला, "त्यांना गाडीला हात लावू देऊ नका. मी दुसरा ड्रायव्हर पाठवतो." जोडीदारानं माझं मनगट सोडलं.

गोदामावर बसायचं काम शेठ द्यायला तयार होता. जोडीदारानं ते घेतलं नाही. हंगाम सरल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या घरवालीनं चहा ठेवला, म्हणाली, आता टाइमावर जेवतात, तब्येत सुधारली. खरंच सुधारली होती, गालावर तेज आलं होतं. तो खाटेवर बसून होता. मी म्हटलं, "राग आला असंन माह्या."

"राग कशाचा," तो म्हणाला. "तू सांगतलं ते बरोबरच सांगतलं. घरात तीन मोबाईल हायेत. दिवसभर वाजते. मले कोनी बोलवत नाई."

शेठनं वायरलेस काढायचा विषय पुन्हा काढला नाही. उलट म्हणाला, "राहू द्या काका, तुम्हाला लागते तर." पण आता तो जोडीनं गाड्या सोडत नाही, एकेक सोडतो. माझ्या कॉलरला माईक नसतो.

संध्याकाळी गाडी लावली की मी जोडीदाराला फोन करतो. पहिल्याच घंटीला उचलतो. "बोल," म्हणतो. मी म्हणतो, ऊन फार होतं. धाब्यावरचा चहा सुधारला नाही, म्हणतो. मग दोघंही गप्प. वायरलेसवर असे किती तास गप्प गेले, कधी जड वाटलं नाही. फोनवर दोन श्वासांपुढे गप्प राहवत नाही.

"काई काम होतं?" तो विचारतो.

"नाई."

"मंग ठेवतो," म्हणतो, आणि ठेवतो.