अंतरपाटावरची नजर

कापसाला सोन्याचा भाव आला आणि माझ्या कानांचं वाटोळं झालं, असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत.

आधी आमचा ताफा चौघांचा. दोन सनया, एक नगारा, आणि सूर नावाच्या वाद्यावर एकच स्वर शेवटपर्यंत धरून ठेवणारा सूरवाला, म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी भुवई उडवली की सगळ्यांना कळायचं. मग साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली म्हणे, कापसाचे भाव चढले, आणि इकडे अमरावतीकडे ज्याच्या-त्याच्या लग्नाला वीस वाजंत्री लागू लागले. अकोल्याच्या शेठाने वीस उभे केले तर अकोटच्या पाटलाला चोवीस पाहिजेत. एवढ्यांना भुवई कुठली दिसायची? मी सनई ठेवली आणि वेताची छडी धरली. छडी वर गेली की सुरू, आडवी झाली की चूप.

लोक म्हणायचे, याचं बरं आहे, फुंकायचं नाही की बडवायचं नाही. बाबांनो, नगाऱ्यांच्या तोंडाशी एक लग्नसराई उभे राहून बघा. आधी उजवा कान गेला, मग डावा. बायकोला वाटलं, मी शेफारलो, हाकेला ओ देत नाही. मी कुणाला बोललो नाही. बहिऱ्याच्या छडीवर कोण वाजवील? एवढ्या घरांच्या चुली त्या छडीवर होत्या. आणि खरं सांगू, मलाच ती सोडवत नव्हती.

डोळ्यांवर निभावलं. फुगलेले गाल बघून स्वर ओळखायचा, मनगटं बघून लय. अवघड तेवढी लग्नघटका. पाण्यातली घटका मोजायची भोकाची वाटी बुडाली की भटजी शेवटचं मंगलाष्टक संपवणार, नवरा-नवरीमधला अंतरपाट सरणार, आणि त्याच क्षणी आम्ही वाजवायचं. मंगलाष्टकं मला ऐकू येत नसत. मी अंतरपाटावर नजर लावून उभा राहायचो. दोन सराया एकदाही चुकलो नाही, याचा मला केवढा माज होता.

दर्यापूरच्या लग्नात चुकलो. गोरज मुहूर्त होता. नव्या पैशाची हौस, अंतरपाटसुद्धा जरीचा, जडच्या जड. धरणाऱ्या म्हाताऱ्या मामाचा हात भरून आला आणि अंतरपाट खाली घसरला. माझी छडी वर. ताफा दणाणला असणार, कारण मांडवाने होत्या तेवढ्या अक्षता उधळल्या, नवरा-नवरीने एकमेकांना माळा घालून टाकल्या. भटजी मात्र दोन्ही हात हलवत होते. वाटी अजून पाण्यावर तरंगत होती.

मुलीचा बाप माझ्यासमोर येऊन ओरडला. त्याचं तोंड हलताना दिसलं, शब्द एकही नाही. भटजींनी घटका भरल्यावर उरलेली मंगलाष्टकं गळ्यात माळा असलेल्या जोडप्यापुढे म्हणून टाकली. लोक हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना बैलगाडीत भाऊ माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, तेव्हा कुठे शब्द उमटले, "काहून लपवून राहिला, दादा? मले ठाऊक हाय."

"कदीपासून?"

"पयल्या सराईपासून. म्हणून तर तुया समोर उभा रायतो. मी सूर ओठाले लावला की तू छडी उचलते. आज मी लावला नवता. तू पाह्यलंच नाही."

दोन सराया मी अंतरपाटाकडे बघत होतो असं मला वाटत होतं. त्याच्या रेषेत, बरोबर मधे, याचे ओठ असायचे.

छडी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने ती परत दिली. मी पुन्हा ठेवली.

आता सूर मी धरतो. त्याला कान लागत नाहीत, दम लागतो, आणि तोही आता फारसा उरला नाही. स्वर लागला की दातांना कळतं. लग्न लागून वाजवणं संपलं की भाऊ छडीने माझ्या गुडघ्याला हलकेच टोचतो. मग मी थांबतो. एकदा तो टोचायचा विसरला, तेव्हा सगळा मांडव जेवायला बसेपर्यंत मी एकटाच वाजवत होतो.