करंड्यापर्यंतची वाट

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या शेजारच्या शालिनीकाकूंना भेटायला गेले होते. मी निघाले तशा त्या पलंगावरून उठू लागल्या.

"आई, तुम्ही बसा. कुंकू मी लावते," सून म्हणाली.

"घरात मी असताना?" काकूंनी वॉकर पुढे ओढला.

कुंकवाचा करंडा पलीकडच्या भिंतीशी, देवघरात. "राहू द्या हो," माझ्या ओठांवर आलं होतं. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण केळी नेतो आणि "पडून राहा" असं सांगून परततो. त्यात माया असते, पण डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं माणूस अशा मायेनेच अंथरुणाला खिळतं. चालल्याशिवाय पायात बळ येत नाही, आणि चालायला काहीतरी कारण लागतं. मी त्यांच्या वाटेतून बाजूला झाले.

वॉकरच्या पिशवीत करंडा टाकून काकू घामाघूम होऊन परतल्या. एका हाताने वॉकर धरून लावलेलं कुंकू माझ्या भुवईवर लागलं. सून पुसायला धावली.

"असू दे," मी म्हटलं. "काकू, गुरुवारी परत येते. तेव्हा नीट लावा."

"ये. पण केळी आणू नकोस," त्या धापा टाकत म्हणाल्या, "आणि आत येऊ नकोस. दारातच थांब, मी येते."