नानांनी पारखलेलं कॉलेज

औरंगपुऱ्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये एका आजींचे कान तपासत होते, तेव्हा सुरेशदादाचा फोन आला. "नाना गेले गं." पुढचं तो काय बोलला ते आठवत नाही. काचेपलीकडे आजी शहाण्यासारख्या बसून होत्या, पुढच्या आवाजाची वाट बघत...

नाना म्हणजे माझे थोरले चुलते, सुरेशदादाचे वडील. राहायला बिडकीनला. ऐन उमेदीची वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांच्या खडखडाटात गेली आणि पन्नाशीतच कानांनी दगा दिला. मी कान तपासायचं शिक्षण घेतेय, याचं सगळ्यात जास्त कौतुक त्यांनाच. पदवीनंतर ऑडिओलॉजीच्या मास्टर्ससाठी दोन ठिकाणी नाव लागलं, पुणे आणि हैदराबाद. आठ दिवसांत ठरवायचं होतं. मला पुणंच हवं होतं. नाव मोठं, यंत्रं नवी, मैत्रिणीही तिथंच. नाना म्हणाले, "बैल घ्यायचा तर चालवून बघतेत. दोन्हीकडं मला पेशंट म्हणून घेऊन चल."

गेलो. ओपीडीच्या रांगेत गुपचूप बसलो. मला लाज वाटत होती, हे कबूल करते. पुण्यात तपासणी झटपट आणि चोख झाली. हैदराबादला दोन तास खोळंबलो, यंत्रं जुनाट, पंखा कुरकुरणारा. शेवटी एक विद्यार्थिनी नानांसमोर खुर्ची ओढून बसली आणि त्यांच्याकडे बघत, सावकाश एकेक विचारत राहिली. नाना असे खुलले, की जिनिंगच्या मुकादमापासून सगळी कहाणी त्यांनी तिला दखनी हिंदीत ऐकवली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "इथंच शीक."

"नाना, यंत्रं बघितली का इथली?"

"बघितली की. पण पुण्यात त्या पोरीनं सगळं तुला इचारलं, माय. बाबांना कधीपासून ऐकू येत नाय, बाबांना चक्कर येती का... मी काय तिथं गाठोडं होतो? हिनं मला इचारलं."

मी हैदराबादला गेले. रुसून गेले, पण आज जे काही येतं ते तिथंच शिकले.

गेल्या दिवाळीनंतर नानांना नवीन यंत्र बसवायचं होतं. सुरेशदादा त्यांना क्लिनिकवर घेऊन आला. बाहेर ही गर्दी. मी यंत्र जुळवलं, नानांच्या कानात बसवलं आणि दादाकडे वळून विचारलं, "येतंय ना त्यांना नीट ऐकू?" दादा म्हणाला, "येतंय वाटतं." मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. नाना उठले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. तीच आमची शेवटची भेट.

हे सगळं मला दहाव्याला आठवलं, नदीवर, सगळ्यांच्या देखत. दादाला बाजूला घेऊन विचारलं, त्या दिवशी घरी जाताना नाना काही बोलले का?

"बोलले की," दादा म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून बिचारा हसला. "यंत्र लई झ्याक बसवलं म्हणले पोरीनं. तिथं बसल्या बसल्या तिचा शब्द न् शब्द ऐकू आला म्हणले."